खासगी कंपनीची कुंडली कशी काढायची? (नागपूरचं प्रकरण आहे, पण सगळ्यांचा सल्ला हवाय)

शब्दवेडी
नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका छोट्या साप्ताहिकात आहे. आजवर महापालिका, शाळा, पाणीपुरवठा असेच विषय केले, कंपनीची बातमी पहिल्यांदाच हाती आलीये. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, शेअर बाजारात नाही, जवळच्याच एका एमआयडीसीत खाद्यपदार्थांचा कारखाना. दीड वर्षापूर्वी त्यांनी पत्रकार परिषद घेतली, ६० कोटींची गुंतवणूक आणि ८०० जणांना रोजगार असं सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ते जसंच्या तसं छापलं. आता माल पुरवणारे तीन जण सांगतायत की अकरा महिन्यांपासून बिलं थकली आहेत, फोन उचलत नाहीत, आणि तरी नवीन शेडचं भूमिपूजन झालंय. त्या तिघांची रडारड खरी आहे हे मला दिसतंय. पण फक्त त्यांच्या तोंडच्या शब्दावर बातमी उभी राहणार नाही. कागद हवेत. कुठून मिळतात, कितीला मिळतात, कसे वाचायचे? मला ताळेबंद वाचता येत नाही हे आधीच सांगते. कंपनीचं नाव कृपया कोणी ओळखलं तरी इथे लिहू नका.

तर्रीबाज
पह्यले तर त्या कारखान्याच्या गेटासमोरच्या पोहेवाल्याकडे जाऊन बस. सकाळी सहाच्या शिफ्टले किती जण आत जाते अन् किती ट्रक निंगते, तिथं बसून सगळं दिसते. खरं सांगून राह्यलो.

जुना_बातमीदार
तर्रीबाजशी सहमत आहे, पण गेटवर नंतर जा. आधी घरबसल्या जेवढं निघतं तेवढं काढ, म्हणजे गेटवर कोणाला काय विचारायचं ते कळेल. ३१ वर्षं या धंद्यात काढली, त्यातली बरीचशी व्यापार पानावर. तुला एकच गोष्ट सांगतो. कंपनी प्रत्येक दारात वेगळं बोलते. बँकेच्या दारात कर्ज हवं असतं म्हणून प्रकल्प मोठा, प्रदूषण मंडळात फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते म्हणून तोच प्रकल्प लहान, पीएफच्या दारात माणसं कमी आणि पत्रकार परिषदेत माणसं जास्त. हे सगळे कागद वेगवेगळ्या कपाटांत पडलेले असतात, एका टेबलावर कोणी आणत नाही. तू आण. बातमी कुठल्याही एका कागदात नसते, दोन कागदांच्या मधे असते.

पुणेकर_सध्या
वा, हे शेवटचं वाक्य लिहून ठेवलं. धागा फॉलो करतोय.

धंतोली_सीए
शब्दवेडी, ताळेबंद वाचायला घाबरू नकोस, सगळा वाचायचाच नसतो.

कंपनी मंत्रालयाच्या साइटवर, म्हणजे एमसीएवर, आधी लॉगिन तयार कर. कंपनीची मूळ माहिती फुकट दिसते, तिथून २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, घे. तो नंबर खूप बोलतो. पहिलं अक्षर एल असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही, मग पाच आकडे धंद्याचा प्रकार, मग दोन अक्षरी राज्य, मग स्थापनेचं साल. कंपनी म्हणते आमची ३० वर्षांची परंपरा आणि नंबरात साल २०१९, असं मी स्वतः पाहिलंय. अर्थात जुना धंदा नव्या कंपनीत हलवलेलाही असू शकतो, पण प्रश्न तर तयार झाला.

मग १०० रुपये भरून त्या कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं उघडता येतात. पैसे भरल्यावर सात दिवसांत बघायची, आणि एकदा उघडली की तीनच तास मिळतात, त्यामुळे जेवून, पाणी पिऊन, नेट चांगलं असेल तेव्हाच बस आणि आधी सगळं डाउनलोड करून घे, वाचायचं नंतर. एओसी-४ मधे ताळेबंद आणि ऑडिटरचा अहवाल, एमजीटी-७ मधे भागधारक आणि संचालक, डीआयआर-१२ मधे कोण संचालक आला कोण गेला, आणि एडीटी-३ सापडला तर तो सगळ्यात आधी उघड, ऑडिटरने राजीनामा दिला की त्याला तो भरावा लागतो आणि कारण लिहावं लागतं. मुदत संपायच्या आत ऑडिटर निघून गेला असेल तर माझे तरी कान टवकारतात.

ताळेबंदात तुझ्या कामाच्या तीन जागा. एक, देणेकऱ्यांची टीप. २०२१-२२ पासून कंपन्यांना दाखवावं लागतं की पुरवठादारांचे किती पैसे एक वर्षाच्या आतले, किती एक ते दोन वर्षांचे, किती त्याहून जुने, आणि त्यातले सूक्ष्म-लघु उद्योगांचे किती. तुझे तीन पुरवठादार म्हणजे हीच टीप. दोन, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, म्हणजे संचालक, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या दुसऱ्या फर्म यांना दिलेले पैसे. पुरवठादाराला द्यायला पैसे नाहीत आणि संचालकाच्या फर्मला बिनव्याजी उचल, हे एकाच पानावर लागोपाठ सापडू शकतं. तीन, ऑडिटरच्या अहवालाचं परिशिष्ट, तिथे पीएफ, जीएसटी वेळेवर भरला का आणि बँकेचे हप्ते थकले का यावर त्याला स्पष्ट लिहावं लागतं.

आणि बोजा, म्हणजे चार्ज. कोणत्या बँकेने कंपनीच्या मालमत्तेवर किती रकमेचा बोजा चढवलाय, कधी चढवला, कधी उतरला याची यादी फुकट दिसते.

मिहानवाला
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. विदर्भात उद्योग येतच नाहीत म्हणून आपण वर्षानुवर्षं ओरडतो, पोरं पुणे-हैदराबादला जातात. त्यात एखादा माणूस इथे कारखाना काढतो, थोडी ओढाताण सगळ्यांचीच होते, लगेच त्याच्या मागे कागद घेऊन लागायचं? बातमी छापली की बँक हात आखडते आणि चालू असलेला कारखानाही बंद पडतो. मग त्या कामगारांना कोण विचारणार?

खोकेवाला_इतवारी
मिहानवाला भाऊ, मी पुठ्ठ्याची खोकी बनवतो, १४ माणसं आहेत माझ्याकडे. तुम्ही म्हणता ती ओढाताण मोठ्याची असते तेव्हा ती सरकत सरकत माझ्या दारात येते आणि तिथे थांबते, कारण माझ्याखाली कोणीच नाही. दुसऱ्याच एका कंपनीत माझे १९ लाख अडकले होते. ती डबघाईला आलीय हे कागदावर दोन वर्षं आधी दिसत होतं असं नंतर माझ्या सीएने दाखवलं. एखाद्या बातमीदाराने तेव्हा छापलं असतं तर मी उधारी बंद केली असती. पोरीच्या लग्नाचे पैसे होते त्यात. तुम्हाला वाटतं बातमीने उद्योग पळतात, मला वाटतं बिल न मिळाल्याने आमच्यासारखे पळतात.

तिन्ही पुरवठादारांना सांगा उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योगाची सरकारी नोंद, असेल तर थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचा कायदा २००६ चा आहे.

मिहानवाला
खोकेवाले दादा, हे माझ्या डोक्यात नव्हतं. बातमी करू नका असं नाही म्हणत. अर्धवट करू नका एवढंच.

बुटीबोरीकर
रोजगाराचा आकडा तपासायची पद्धत सांगतो, एचआरमधे होतो म्हणून माहितीये. पीएफ कार्यालयाच्या साइटवर आस्थापना शोधता येते, कंपनीचं नाव टाका, कोड येतो, आणि दर महिन्याला किती माणसांचा किती पैसा भरला ते दिसतं. फुकट. ८०० म्हणणाऱ्यांचे ९० निघालेले मी बघितलेत.

पण थांबा. लगेच मथळा करू नका. आमच्याकडे अर्ध्याहून जास्त माणसं ठेकेदाराची असतात आणि त्यांचा पीएफ ठेकेदाराच्या कोडवर जातो, कंपनीच्या नाही. शिवाय एकच ठेकेदार चार कारखान्यांना माणसं पुरवतो, म्हणजे त्याचा पूर्ण आकडाही इथे धरता येत नाही. त्यामुळे गेटवर गणवेशाचे रंग मोजा. ठेकेदाराच्या पोरांचा बहुतेक वेगळा असतो.

तर्रीबाज
घ्या! मी काय म्हणून राह्यलो होतो? पोहेवाला!

नकाशा
गुगल अर्थ कॉम्प्युटरवर घ्या, त्यात जुन्या तारखांची उपग्रह चित्रं सरकवून बघता येतात. शेड कधी उभी राहिली, राहिली का, मागचा प्लॉट रिकामाच आहे का हे डोळ्यांनी दिसतं. छताची लांबी-रुंदीही मोजता येते. पावसाळ्यातलं चित्र ढगाळ असतं, हिवाळ्यातलं शोधा. आणि कंपनीची वेबसाइट आज काय म्हणते त्यासोबत दोन वर्षांपूर्वी काय म्हणत होती ते वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर, बघा, ‘आमचे ग्राहक’ पानावरून नावं गायब होतात तेव्हा त्या ग्राहकांना फोन करायचा.

धंतोली_सीए
जीएसटी राहिला की. पंधरा अक्षरी नंबर त्यांच्या कोणत्याही बिलावर असतो, तुझ्या पुरवठादारांकडेच असेल. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं म्हणजे चक्क पॅन. पॅनचं चौथं अक्षर सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी फर्म, पी असेल तर व्यक्ती. पुष्कळदा नाव कंपनीचं आणि बिल भलत्याच फर्मचं असतं, ते इथे पकडलं जातं. जीएसटी पोर्टलवर नोंदणी चालू की रद्द, आणि रिटर्न कोणत्या तारखेला भरले तेही दिसतं. त्याच पॅनवर इतर राज्यांत किती नोंदण्या आहेत तेही.

अजून एक. बँकेचं कर्ज मोठं असेल तर बहुधा क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज यांपैकी कोणीतरी त्याला मानांकन दिलेलं असतं आणि त्यामागची कारणं त्यांच्या साइटवर फुकट असतात, खासगी कंपनीबद्दल इतकं सरळ भाषेत दुसरीकडे कुठे मिळत नाही. ‘कंपनी माहिती देत नाही’ असा शेरा मानांकनापुढे दिसला तर तारीख लिहून ठेव.

काळा_कोट
कोर्टाचं मी सांगतो. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोध, जिल्हा न्यायालयात चेक बाउन्सचे खटले, म्हणजे कलम १३८ वाले, आधी बघ. एका कंपनीवर वर्षभरात पंधरा-वीस दिसले तर खिशात काय आहे ते कळतं. मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. बँक वसुलीला गेली असेल तर डीआरटी, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण, नागपुरातच आहे, दिवाळखोरीचं मात्र एनसीएलटीच्या, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठात बघावं लागेल. इंग्रजी स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघ, अग्रवालचेच पाच निघतात.

माहिती अधिकाराबद्दल एक सावधगिरी. कंपनीशी संबंधित माहिती मागितली आणि ती तिने गोपनीय म्हणून दिलेली असेल तर कलम ११ खाली अधिकारी आधी कंपनीलाच नोटीस काढतो. म्हणजे तू काय शोधते आहेस हे त्यांना घरपोच कळतं. म्हणून आधी उघडे कागद, सगळ्यात शेवटी अर्ज. आपल्या राज्यात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, फी १० रुपये. ‘का’, ‘कसे’ असले प्रश्न विचारायचे नाहीत, प्रती मागायच्या, नाहीतर सरळ फाईलची पाहणी मागायची. पाहणी बेस्ट. फाईलमधे असं काही सापडतं जे मागायचं आपल्याला सुचलंच नसतं.

इमामवाडा_एक्स्प्रेस
आरटीआयने काही होत नाही हो. मी चार अर्ज केले, चारही वेळा ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून परत. वेळ वाया.

काळा_कोट
@इमामवाडा, अपील केलंत का? ८(१)(ड) ची, म्हणजे व्यापारी गोपनीयतेच्या कलमाची, ढाल म्हणजे पोलादी भिंत नाही, त्याच कलमात लिहिलंय की व्यापक जनहित असेल तर द्यायची. ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं, माहिती आयोगाचं खंडपीठ नागपुरात आहे. रिझर्व्ह बँकसुद्धा बँकांचे तपासणी अहवाल विश्वासाच्या नात्याने आलेत म्हणून दाबून ठेवत होती, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मधे ते चालणार नाही म्हणून सांगितलं. कोणीतरी चिकाटीने तिथवर गेलं म्हणून झालं ते.

इमामवाडा_एक्स्प्रेस
दुसरं अपील केलं नव्हतं. करतो.

जुना_बातमीदार
सगळे साइट सांगतायत म्हणून मी कागदी पेपरचं सांगतो. मराठी पेपरातलं जाहीर नोटिशीचं पान. बँक गहाण मालमत्तेचा ताबा घेते तेव्हा नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. बारीक अक्षरात कर्जदार, जामीनदार, थकबाकी, गट नंबर, चतुःसीमा सगळं येतं. रोज सकाळी चहासोबत ते पान वाचायचो, कात्री घेऊन. जामीनदारांच्या नावांत पुढाऱ्यांचे मेव्हणे सापडायचे.

आता एक जड गोष्ट सांगतो. २००६ च्या आधी संचालकांना डीआयएन, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, नव्हता, नावावरूनच ओळखायचं. एका बुडालेल्या कंपनीच्या संचालकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं महालातल्या एका औषध दुकानदाराशी जुळलं आणि आम्ही त्याचा व्यवसाय आणि मोहल्ला लिहून टाकला. माणूस दुसराच होता. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ऑफिसात आली, भांडली नाही, नुसती खुर्चीवर बसून राहिली. दुकानावर लोक पैसे मागायला जमले होते. आम्ही माफी छापली, आतल्या पानावर, चौकटीत, चार ओळी. बातमी पहिल्या पानावर होती. ते अजून जात नाही डोक्यातून. आता डीआयएन आहे, आठ आकडी, एका माणसाला आयुष्यभर एकच. तो जुळल्याशिवाय दोन कंपन्यांतला माणूस एकच आहे असं लिहायचं नाही. नाव म्हणजे पुरावा नव्हे.

पुणेकर_सध्या
अंगावर काटा आला काका.

काळी_माती
पत्ता तपासणं हेही तसंच. जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचं आठवा. फायनान्शियल टाइम्सचे पत्रकार २०१९ मधे फिलिपिन्समधे कंपनीच्या भागीदारांच्या पत्त्यांवर प्रत्यक्ष गेले तर एका ठिकाणी निवृत्त खलाशाचं राहतं घर निघालं. जर्मनीच्या नियामकाने उलट पत्रकारांवरच तक्रार केली होती. पुढच्या वर्षी जूनमधे १.९ अब्ज युरो खात्यात नाहीतच हे बाहेर आलं. आणि आपल्याकडे सत्यम ही आयटी कंपनी, जानेवारी २००९, ५,०४० कोटींची रोख रक्कम फक्त ताळेबंदात. ज्या बँकेत पैसे आहेत म्हणतात त्या बँकेला कोणी विचारलंच नव्हतं नीट.

आपल्या नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचंही तेच ना, २००२ चं रोखे प्रकरण, पैसे दलालांना गेले आणि सरकारी रोखे हातात आलेच नाहीत. निकाल लागला डिसेंबर २०२३ मधे. शेतकऱ्यांचे ठेवीचे पैसे होते. माझ्या आजोबांचं खातं होतं तिथे.

तर्रीबाज
सहकाराचा विषय काढला तर धागा रातभर चालते बाप्पा. पण पतसंस्थेचं कोणी विचारलं तर जिल्हा उपनिबंधकाकडे ऑडिटचा वर्ग मागायचा, अ ब क ड, अन् सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी लागली का ते.

शब्दवेडी
दीड महिन्याने धागा वर काढतेय. सगळ्यांचे मनापासून आभार, तुम्ही सांगितलेलं जवळपास सगळं केलं. थोडक्यात सांगते.

प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात भांडवली गुंतवणूक १४ कोटी. ताळेबंदात जमीन-इमारत-यंत्रं मिळून १७ कोटी. बँकेचा बोजा ३८ कोटींचा, त्यावर गेल्या वर्षी एका फायनान्स कंपनीचा अजून ९ कोटींचा. पीएफमधे स्वतःची माणसं ९६. गेटवर तीन सकाळी बसले (पोहे खरंच छान आहेत), ठेकेदाराच्या निळ्या शर्टाची जास्तीत जास्त ११५ मोजली. संचालकाच्या पत्नीच्या फर्मला ११ कोटी उचल दिलीये, डीआयएन आणि पत्ता दोन्ही जुळवले. ऑडिटर मधेच बदललाय.

तर ३८ कोटी कर्ज आणि १७ कोटींची मालमत्ता, म्हणजे मधले पैसे गेले असं लिहू शकते का?

धंतोली_सीए
नाही, असं लिहू नकोस! बोज्याची रक्कम म्हणजे मंजूर मर्यादा, उचललेलं कर्ज नव्हे. आणि त्यात खेळतं भांडवलही असतं, कच्चा माल, उधारी यासाठी. ताळेबंदात कर्जाची प्रत्यक्ष शिल्लक बघ, त्यातलं मुदतीचं कर्ज, म्हणजे इमारत-यंत्रांसाठी घेतलेलं, वेगळं काढ, आणि ते १७ कोटींशी ताडून बघ. घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी कमी धरलेली किंमत, वजा जाण्याआधीचा आकडा घे, नाहीतर तुलना चुकेल. ११ कोटींची उचल मात्र पक्की आहे, ती आणि जुन्या देण्यांची टीप शेजारी शेजारी ठेव.

शब्दवेडी
बघितलं ताई. मुदतीचं कर्ज १९ कोटी, १७ कोटींच्या आसपासच. म्हणजे तो मुद्दा गेलाच, बरं झालं विचारलं. आणि एक वर्षाहून जुनी देणी ४ कोटी २० लाख, जवळजवळ सगळी लघु उद्योगांची. उचल ११ कोटी. बातमी हीच आहे.

कंपनीला लेखी प्रश्न पाठवले होते, सात दिवस दिले. उत्तर आलं. ६० कोटी हा पाच वर्षांचा आराखडा होता, झालेली गुंतवणूक असं आम्ही म्हटलंच नव्हतं, पत्रकारांचा गैरसमज.

जुना_बातमीदार
त्या दिवशीचं प्रेसनोट शोध. कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर असेलच.

शब्दवेडी
काका, माझ्याच फोनमधे होतं. ‘६० कोटी रुपयांची गुंतवणूक करण्यात आली आहे.’ आली आहे! मी स्वतः ते वाक्य टाइप करून छापलंय आणि तेव्हा एक फोनसुद्धा केला नव्हता.

काळा_कोट
प्रेसनोट जपून ठेव, आलेल्या मेसेजच्या तारखेसकट. त्यांचं उत्तर बातमीत पूर्ण दे, कापू नकोस. बदनामीचं कलम आता न्याय संहितेचं ३५६ आहे, त्यात खरं असून भागत नाही, लोकहितासाठी छापलं हेही दाखवावं लागतं. तुझ्याकडे दोन्ही आहे. ‘लुबाडले’, ‘घोटाळा’ असले शब्द वापरू नकोस. आकडे लिही.

मिहानवाला
कारखाना चालू आहे, माल चांगला आहे, हेही लिहाल ना?

शब्दवेडी
हो, ते लिहिलंय. तीन सकाळींत रोज आठ-नऊ ट्रक बाहेर पडताना मोजले, तेही आहे त्यात.

आता एकच राहिलं. प्लॉटच्या फाईलची पाहणी मिळालीये, सोमवारी साडेदहाला. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला कोणत्या शेडचा आहे ते बघायचंय. अशी फाईल मी कधी बघितली नाही, कोणी सोबत येऊ शकेल का?

जुना_बातमीदार
येतो. सव्वादहाला खाली गेटवर थांब. फाईलच्या पानांवर नंबर असतात, मधला एखादा नंबर गायब असेल तर तो आधी टिपायचा. वही आण, मोठी.

खोकेवाला_इतवारी
मी पण येतो, दुकान मुलगा बघेल.